जुना फोन घेताना मॉडेल कसं निवडायचं: दुरुस्तीच्या टेबलावरून

दोन आठवड्यांपूर्वी अमळनेरकडचे एक जिभाऊ (आमच्या खानदेशात वडीलधाऱ्या माणसाला असं म्हणतात) दुकानात आले. कापसाचे शेतकरी. पिशवीतून दोन फोन काढून त्यांनी काउंटरच्या काचेवर शेजारी-शेजारी ठेवले. एक भाच्याच्या मित्राचा, रेडमी नोट ५ प्रो. नवं कव्हर, नवी टेम्पर ग्लास, लांबून बघितलं तर कालच खोक्यातून काढल्यासारखा. दुसरा गल्लीतल्या मास्तरांचा, सॅमसंग गॅलक्सी एम३१. मागचं प्लॅस्टिक घासून पांढरं पडलेलं, एका कोपऱ्याला खोक. दोघांनी सांगितलेला भाव जवळजवळ सारखा.

"भाऊ, कोनता लेवू?"

जीव पहिल्यावर जडलाय हे दिसतच होतं. मी दुसरा घ्यायला लावला. हे असं रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. मी फोन दुरुस्त करतो, जुने फोन विकत नाही. त्यामुळे यात माझा स्वार्थ एवढाच, की ज्याचा डिस्प्ले कुठेच मिळत नाही असा फोन घेऊन कुणी माझ्यासमोर येऊन बसू नये.

पहिली पायरी: फोन कुणासाठी, ते आधी बोला

"चांगला फोन दाखवा" असं म्हणून दुकानात शिरलात तर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला फोन दाखवणार. त्याचा दोष नाही, तुम्ही कामच सांगितलं नाही. घरून निघताना चार गोष्टी ठरवा: कुणाच्या हातात राहणार, दिवसभरात चार्जिंगची सोय किती वेळा, सिम किती, आणि पैशाचे व्यवहार त्यावर होणार का.

जिभाऊंचं काम असं होतं. शेतात उभं राहून ई-पीक पाहणी करायची, म्हणजे जीपीएस आणि कॅमेरा दोन्ही धड हवेत. पीएम-किसानच्या केवायसीला चेहरा दाखवायचा. पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल. सिम दोन, एक गावात चालणारं आणि एक बँकेला जोडलेलं जुनं. आणि लाइटीचा काही भरवसा नाही. गेम नाही, रील काढायचं नाही. एवढं कळलं की निम्मी मॉडेलं आपोआप गळतात.

दुसरी पायरी: दात बघा

बैल घेताना आपण रंगवलेली शिंगं आणि अंगावरची झूल बघत नाही, तोंड उघडून दात मोजतो. दोनदाती, चारदाती की जुळलेला. फोनचं कव्हर आणि टेम्पर ग्लास ही झूल. दात म्हणजे अँड्रॉइडची आवृत्ती.

प्रत्येक मॉडेलला कंपनी ठरावीक वर्षं अपडेट देते, मग हात काढून घेते. त्या मॉडेलची आवृत्ती तिथेच थांबते, फोन कितीही नवा दिसो. रेडमी नोट ४ हा २०१७ चा, तो अँड्रॉइड ७ वर थांबला. नोट ५ प्रो २०१८ चा, तो ९ वर. नोट ७ प्रो २०१९ चा, तो १० वर. गॅलक्सी एम३१ हा २०२० चा, १० घेऊन आला आणि १२ वर थांबला.

याने फरक काय पडतो? ऑगस्ट २०२५ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्यांना किमान अँड्रॉइड १० लागतं. म्हणजे नोट ५ प्रोवर क्रोम उघडेल, चालेलही, पण ते जुनंच राहणार. सुरक्षेची दुरुस्ती त्यात येणार नाही. बाकीची ॲपंही एकेक करून याच वाटेने जातात. आधी "अपडेट करा" म्हणतात, अपडेट दाबलं तर "तुमच्या फोनला चालत नाही" म्हणतात. हे होतं तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन म्हणतं, फोन बिघडला. फोन बिघडलेला नसतो, म्हातारा झालेला असतो.

माझ्या टेबलावरचा नियम सांगतो. आज जुना फोन घ्यायचा तर अँड्रॉइड १० च्या खाली उतरायचं नाही. यूपीआय आणि बँकेचं ॲप रोज वापरणार असाल तर १२ धरून चाला. बघायचं कुठे? सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'. तिथेच सुरक्षा अपडेटची तारीख असते, तीही वाचा.

"अपडेट मारून देतो, अँड्रॉइड १४ करून देतो" असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जा. ते कंपनीचं अपडेट नसतं, बूटलोडर (फोन चालू करणारा आतला कुलूपबंद प्रोग्राम) उघडून टाकलेली बाहेरची रॉम, म्हणजे दुसऱ्याच कुणी बनवलेलं अँड्रॉइड असतं. ज्याला त्यातलं कळतं त्याने जरूर खेळावं, मीही खेळतो. पण अशा फोनवर बँकेची ॲपं उघडायला नकार देतात. शाओमीचा (रेडमी त्यांचाच) फोन चालू होताना पडद्यावर उघडं कुलूप किंवा 'अनलॉक्ड' अक्षरं दिसली तर समजा कुणीतरी आधीच हात मारलाय.

तिसरी पायरी: घ्यायच्या आधी दुरुस्तीवाल्याला फोन लावा

ही पायरी कुणीच पाळत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. मॉडेल पक्कं करण्याआधी तुमच्या तालुक्यातल्या दुरुस्तीवाल्याला तीन गोष्टी विचारा: या मॉडेलचा फोल्डर आहे का, चार्जिंगची पट्टी आहे का, बॅटरी आहे का. (फोल्डर म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून येणारा जोड. पट्टी म्हणजे चार्जर जिथे लागतो तो आतला छोटा बोर्ड.) तो "आहे" म्हणाला तर उत्तम. "जळगावहून मागवावा लागेल" म्हणाला तरी हरकत नाही, गोलाणी मार्केटमध्ये मिळतं ते दुसऱ्या दिवशी चोपड्याला पोचतं. पण "मॉडेलचं नाव परत सांगा" म्हणाला, तर तो फोन फुकट मिळत असला तरी विचार करा.

खपलेल्या मॉडेलचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, कमी खपलेल्याचे मिळत नाहीत. सरळ हिशेब आहे. एके काळचे महागडे, वाकड्या कडांच्या पडद्याचे फोन आता स्वस्तात दिसतात आणि पोरं हुरळतात. त्यातला पडदा एकदा फुटला की त्याच्या किमतीत दुसरा जुना फोन येतो.

त्याच फोनवर चौथा प्रश्न विचारून घ्या: "या मॉडेलचं काय जास्त येतं तुमच्याकडे?" दुरुस्तीवाला खरं सांगतो, त्याला त्यात काही विकायचं नसतं. कुठल्या मॉडेलची चार्जिंग पट्टी जाते, कुठल्याच्या ॲमोलेड (म्हणजे ठिपके स्वतःच उजेड देतात अशा) पडद्यावर उभी हिरवी रेघ येते, कुठला फोन चालता-चालता बंद पडतो तो उठतच नाही. शेवटचा प्रकार बोर्डावरचा. "सीपीयू रीबॉल करून दिलाय, आता टकाटक" (म्हणजे मुख्य चिप काढून तिच्याखालचे डाग नव्याने दिलेत) असा फोन घेऊ नये. मी स्वतः रीबॉल करतो, तरी सांगतो, घेऊ नये.

चौथी पायरी: मॉडेलाशेजारी मॉडेल

आधी जुळ्या भावांपासून सावध. रेडमी नोट ७, ७एस आणि ७ प्रो हे तिन्ही मागून-पुढून एकसारखे. पहिल्या दोघांत स्नॅपड्रॅगन ६६० प्रोसेसर, प्रोमध्ये ६७५. बाजारात ७ ला ७ प्रो म्हणून खपवणारे आहेत. विकणाऱ्याचं तोंड ऐकू नका, 'अबाउट फोन'मधलं नाव वाचा आणि खोक्यावरच्या नावाशी ताडून बघा. रॅम आणि साठवणही तिथेच बघायची. ३२ जीबीचा फोन आता घेऊ नका. रोज सकाळच्या फुलांच्या आणि देवाच्या फोटोंनीच तो दोन महिन्यांत भरतो. ६४ ही खालची हद्द, १२८ मिळाला तर थोडे जास्त मोजा.

आता आमच्याकडे नेहमी होणारी कुस्ती: रेडमी नोट ७ प्रो की गॅलक्सी एम३१? ७ प्रोचा प्रोसेसर थोडा चपळ आहे. त्याचा पडदा एलसीडी (मागून दिवा असलेला साधा), म्हणजे फुटला तर फोल्डर स्वस्तात बसतो. वर एक गंमत, त्यात रिमोटचा दिवा आहे. टीव्हीचा रिमोट पोरांनी हरवला की फोननेच चॅनल बदलता येतं. एम३१ मध्ये बॅटरी ६००० एमएएच, ७ प्रोमध्ये ४०००. एम३१ ला दोन सिम आणि मेमरी कार्ड अशा तीन वेगळ्या जागा आहेत. ७ प्रोमध्ये दुसरं सिम तरी घाला नाहीतर कार्ड तरी. आणि एम३१ दोन आवृत्त्या पुढे आहे. पण त्याचा पडदा ॲमोलेड, तो फुटला की खिसा रिकामा.

म्हणून माझं म्हणणं असं. शेतकरी, दोन सिमवाले, आईवडील यांना एम३१. ज्याच्या हातून महिन्याला एकदा फोन पडतोच अशा पोराला एलसीडीवालं मॉडेल. मग ते ७ प्रोच असावं असं नाही, अँड्रॉइड १० किंवा त्यावरचं आणि फोल्डर मिळणारं कुठलंही चालेल.

थोडे पैसे जास्त असतील तर २०२१ ची मॉडेलं बघा. रेडमी नोट १० मध्ये ५००० एमएएच बॅटरी, जलद चार्जिंग, कार्डाला वेगळी जागा. त्याच साली आलेला गॅलक्सी ए५२ अँड्रॉइड १४ पर्यंत पोचला, आणि कंपनीने तो आयपी६७ म्हणजे पाणी-धुळीपासून सांभाळलेला म्हणून विकला. विकणारा हे नक्की सांगेल. तुम्ही विचारायचं: मागचं झाकण कधी उघडलं होतं का? एकदा उघडून साध्या गोंदाने चिकटवलं की ते आयपी६७ संपलं. बॅटरी ४५०० ची आहे, ती रेडमीपेक्षा कमी. तरी पैशाचे व्यवहार असणाऱ्याला मी ए५२ सांगतो, कारण दात.

आयफोनचं वेड आता शहाद्यापासून रावेरपर्यंत सगळीकडे आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. आयफोन ६ आणि त्याआधीचे विसरा, ते आयओएस १२ वर किंवा त्याआधीच थांबले आणि मे २०२५ पासून व्हॉट्सॲपला किमान १५.१ लागतं. ६एस आणि ७ हे १५ वर थांबलेत, म्हणजे काठावर उभे. ८ आणि एक्स १६ वर. एक्सआर १८ पर्यंत गेला. ११ ला आयओएस २६ मिळालं (ॲपलने मधले आकडे गाळले, १८ नंतर थेट २६, त्यामुळे घाबरू नका). आणखी एक गोष्ट घेऊन गेल्यावर कळते: ७, ८ आणि एक्समध्ये सिम एकच बसतं. एक्सआरपासून एक सिम आणि एक ई-सिम (कार्ड न घालता फोनच्या आतच चालणारं). दोन नंबर असणाऱ्याने एक्स घेतला की दुसरा फोन खिशात ठेवावाच लागतो. माझं मत विचाराल तर एक्सआरच्या खाली उतरू नका, आणि ११ मिळत असेल तर एक्सआरकडे बघू नका.

५जी? कॉलेजच्या पोरांना हवं असतं, कारण काही रिचार्जमध्ये ५जी डेटा मोजला जात नाही. पण भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. त्याआधीच्या ५जी फोनांपैकी काहींत एन७८ हा एकच बँड (लहरींचा पट्टा) आहे, आणि जिओ एन२८ वरही चालतं. बँडांची यादी बघितल्याशिवाय ५जीच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका. हाच सल्ला धडगाव, अक्कलकुवा अशा डोंगराकडच्या मंडळींना बीएसएनएलच्या ४जीबद्दल. ते ७०० मेगाहर्ट्झवरही, म्हणजे बँड २८ वर चालतं, आणि जुन्या फोनांत तो बँड पुष्कळदा नसतो. तुमच्या पाड्यावर जे सिम चालतं ते घेऊनच फोन बघायला जा.

पाचवी पायरी: हातात घेऊन तपासणी

भरदिवसा जा. रात्री दुकानाच्या पांढऱ्या उजेडात सगळेच फोन देखणे दिसतात. बरोबर न्यायचं काय: स्वतःचं सिम, एक चांगला चार्जर, इअरफोन आणि अर्धा तास. विकणारा घाई करत असेल तर तो अर्धा तास मुद्दाम पाऊण करा.

कव्हर काढा, टेम्पर ग्लासही काढायला सांगा. काचेखाली केसाएवढी चीर असली तर ती टेम्पर ग्लासखाली लपते. मग फोन काउंटरच्या काचेवर उताणा ठेवा आणि एका बोटाने फिरवा. कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून मधल्या भागावर तो भोवऱ्यासारखा फिरला तर बॅटरी फुगलीय. कडेने नख फिरवून बघा, पडदा किंवा मागचं झाकण कुठे उचललंय का. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो आणि लोक फोन मोटारसायकलच्या हँडलला लावून भुसावळ गाठतात. ॲपलसारखी कंपनी फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. तेव्हा खानदेशात वापरलेल्या फोनची बॅटरी वयापेक्षा जास्त थकलेली असणार, हे धरूनच भाव करा.

बॅटरी मोजायची साधी रीत. टक्के बघून ठेवा, उजेड पूर्ण वाढवा, पंधरा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. तेवढ्यात बाकीची तपासणी करा. दहा-बारा टक्के उतरले तर बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च भावातून कापा. टक्के हळूहळू न उतरता चाळिसावरून एकदम पंचविसावर उडी मारत असतील तरी तेच. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्येच बॅटरीची तब्येत लिहून येते. ८० च्या खाली असेल तर बदलाचे पैसे वजा करा. १०० दाखवत असेल आणि फोन पाच वर्षांचा असेल तर बॅटरी बदललेली आहे. कुठली बसवली ते 'अबाउट'मध्ये भागांच्या नोंदीत दिसतं, एक्सआरपासून पुढच्या मॉडेलांत.

आता पडदा. इथे जास्त वेळ घालवा, कारण फसवणूक इथे जास्त होते. ॲमोलेडच्या फोनला स्वस्तातला एलसीडी फोल्डर बसवून विकतात. वरवर कळत नाही. ओळखायचं असं: इंटरनेटवरून पूर्ण काळा फोटो उघडा, उजेड वाढवा, आणि पडद्यावर दोन्ही हातांची ओंजळ धरून आत डोकवा. खऱ्या ॲमोलेडवर काळं म्हणजे ठार काळं, फोन बंद असल्यासारखं. बदललेल्यावर राखाडी धुकं दिसतं, कडेने जास्त. त्यानंतर करड्या रंगाचा फोटो उघडा. कीबोर्डाची किंवा वरच्या पट्टीची छाप उमटलेली दिसली तर पडदा भाजलाय. मग रस्त्यावर उन्हात या. उन्हात नंबर वाचता येत नसेल तर तो फोन शेतात काय कामाचा? पडद्याखाली बोटाचा ठसा घेणारं मॉडेल असेल तर ठसा नोंदवून बघा, कॉपी फोल्डरवर तो बहुतेक चालत नाही. शेवटी एखादं ॲपचं चिन्ह बोटाने दाबून धरा आणि पडद्याच्या कानाकोपऱ्यात सावकाश फिरवा. जिथे ते हातातून सुटतं तिथे टच मेलाय.

शाओमीत *#*#६४८४#*#*, सॅमसंगमध्ये *#०*#, रिअलमीत *#८९९# डायल केलं की कंपनीची तपासणीची यादी उघडते. सगळ्याच मॉडेलांत उघडेल असं नाही. नाही उघडली तर हाताने करा, वेळ तेवढाच लागतो.

कॅमेऱ्याने दूरची पाटी आणि मग जवळची नोट टिपा. फोकस अडखळत असेल किंवा चित्र थरथरत असेल तर हँडलवरच्या धक्क्यांनी आतली यंत्रणा सैल झालेली असू शकते. मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२१ मध्ये लोकांना सांगितलं होतं. जीपीएससाठी नकाशा उघडून मोकळ्यावर उभे राहा. निळा ठिपका तुम्ही उभे आहात त्या रस्त्यावर आला पाहिजे, पलीकडच्या गल्लीत नाही. ई-पीक पाहणीला हेच लागतं.

आपलं सिम घालून फोन लावा. दोन्ही जागांत, आळीपाळीने. जिओ असेल तर कॉल चालू असताना वर व्होल्टी (म्हणजे ४जीवरूनच कॉल) आणि ४जी दिसलं पाहिजे. फोन कानाला लावल्यावर पडदा विझतो का, समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जातो का, तेही बघा. सिमचा ट्रे काढलाच आहे तर आत टॉर्च मारा. पुष्कळ मॉडेलांत तिथे पांढरा छोटा ठिपका चिकटवलेला असतो, तो गुलाबी-लाल झाला असेल तर फोन पाण्यात गेलाय. मग "बठ्ठं चालस, काहीच कटकट नही" (सगळं चालतं) हे कितीही प्रेमाने सांगितलं तरी नमस्कार करून निघा.

चार्जर लावून वायर हलकेच हलवा. चार्जिंग तुटतंय का? जुन्या मायक्रो-यूएसबीचं भोक सैल होतं, म्हणून शक्यतो टाइप-सी घ्या. पण तुटतंय म्हणजे पट्टी गेलीच असंही नाही.

सहावी पायरी: कागद, आयएमईआय आणि कुलूप

माझीच फजिती सांगतो. बहिणीसाठी एकदा फोन घेतला. सगळं तपासलं, फिरवून बघितला, उन्हात बघितला, ओंजळ धरली. बिल विचारलं तर "घरी आहे, उद्या आणून देतो". मला वाटलं, मी मेकॅनिक, मला कोण फसवणार. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन बंद, पडद्यावर फक्त हप्ता थकल्याचा संदेश. फोन हप्त्यावर घेतलेला होता, हप्ते भरलेले नव्हते, आणि कर्ज देणाऱ्याने लांबूनच कुलूप घातलं. विकणारा पुन्हा दिसला नाही. बहीण अजून ऐकवते.

तेव्हापासून मी सेटिंग्जमध्ये सुरक्षेखाली 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' ही यादी आधी उघडतो. तिथे कुठल्या फायनान्सचं किंवा लॉकचं ॲप असेल आणि ते काढता येत नसेल, तर हप्ते फिटल्याचा दाखला मागायचा. नसेल तर फोन परत.

त्यानंतर *#०६# डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसतो, दोन सिमच्या फोनला दोन. ते खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. मग केवायएम लिहून, जागा सोडून, तो आकडा १४४२२ वर एसएमएस करा. केवायएम ही अक्षरं इंग्रजीत टाका. संचार साथी पोर्टलवरही हेच बघता येतं. उत्तरात कंपनी आणि मॉडेलचं नाव येतं, म्हणजे ७ आणि ७ प्रोचा घोळही इथेच मिटतो. उत्तरात काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर व्यवहार तिथेच थांबवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि "मला काय माहीत" हे पोलिसांना पटवत बसायला आपल्याला वेळ नसतो.

बिल नसेल तर साध्या कागदावर लिहून घ्या: मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, विकणाऱ्याचं नाव आणि सही. ओळखीतला असला तरी. नातेवाइकाकडून घेताना अवघड वाटतं, पण कागद हसत-हसत मागता येतो.

सातवी पायरी: पैसे द्यायच्या आधीचं शेवटचं काम

विकणाऱ्याला त्याचं गूगल खातं तुमच्यासमोर काढायला सांगा. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडायला सांगा. मग सेटिंग्जमधूनच रीसेट, बटणं दाबून नाही. खातं तसंच ठेवून बटणांनी रीसेट मारला तर फोन चालू होताना जुन्या मालकाचा जीमेल आणि पासवर्ड मागतो. मग लोक माझ्याकडे "हे काढून द्या" म्हणत येतात. मी काढत नाही, मालकाला बोलवा म्हणतो.

रीसेट झाल्यावर फोन तुमच्या सिमने आणि तुमच्या खात्याने पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत चालू करा. जुना जीमेल मागितला नाही, सिम पकडलं, वायफाय लागलं, की पैसे द्या. शक्यतो यूपीआयने, म्हणजे तारीख-वारासकट नोंद राहते. घरी गेल्यावर आलेली सगळी अपडेटं घ्या आणि बँकेचं ॲप त्यानंतरच टाका.

जिभाऊंच्या एम३१ ला हे सगळं करून दिलं. तपासणीत एकच खोट निघाली होती, चार्जिंग मध्येच तुटायचं. मास्तर त्यापायी भाव उतरवायला तयार झाले होते. जिभाऊंनी तो उतरवून घेतला, व्यवहार पुरा केला आणि फोन माझ्याकडे दिला. मी भिंग लावून लाकडी काडीने पोर्टातून मळकट बोळा ओढून काढला. धूळ आणि कापसाचे तंतू, घट्ट दाबून बसलेले. वायर आत खट्‌कन बसली आणि चार्जिंगचं चिन्ह लागलं ते हललं नाही. जिभाऊंनी तो बोळा चिमटीत धरून उजेडात बघितला आणि म्हणाले, "आरे, हाई ते मनाच वावरनं शे." (अरे, हे तर माझ्याच शेतातलं आहे.)